ऊन ओळखीचं, ओल परकी : कॅरिबियन बेटांसाठी बॅग भरताना

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव इथल्या कितीतरी घरांतलं एखादं मूल आता अमेरिकेत असतं. लेक फोनवर म्हणते, "आई, डिसेंबरात या. इथं थंडी असली तरी चार-पाच दिवस आपण क्रूझनं बहामाला नाहीतर जमैकाला जाऊन येऊ. तिकडं मस्त ऊन असतं." फोन ठेवला की माळ्यावरची सूटकेस खाली येते आणि बाबा म्हणतात, "उन्हाचं आम्हाला काय सांगता? आम्ही बीडचे."

बाबांचं म्हणणं निम्मं खरं आहे. मे महिन्यात पारा बेचाळिशीच्या पुढं गेला तरी बस स्टँडवर उभं राहून चहा पिणारी माणसं आपण. कॅरिबियन बेटांवर तापमान वर्षभर साधारण २४ ते ३१ अंशांत फिरतं. हा आकडा वाचून बीडच्या माणसाला तिथं हवापालटच होईल असं वाटतं. फरक आहे तो हवेत. आपल्याकडं उन्हाळ्यात दांडीवर टाकलेलं धोतर तासाभरात कडक वाळतं. तिकडं रात्री वाळत घातलेलं बनियन सकाळी हाताला दमटच लागतं. घाम येतो आणि अंगावरच बसून राहतो. त्यामुळं ही बॅग ओल डोळ्यांसमोर ठेवून भरायची, उन्हाचं त्यानंतर बघायचं. पुढच्या बहुतेक सूचना या एकाच गोष्टीतून निघाल्या आहेत.

कपड्यांपासून सुरुवात करू. उन्हात सुती घालावं हे आपण लहानपणापासून ऐकलं आणि बीडच्या कोरड्या हवेत ते शंभर टक्के बरोबर आहे. दमट हवेत मात्र जाड सूत घाम पितं आणि सोडत नाही. खादीचा जाड सदरा, जीनची पँट, इरकली किंवा जाड काठाची सुती साडी एकदा भिजली की दिवसभर अंगाला चिकटते, काखेत आणि मांड्यांत घासते, घामोळ्या आणते. त्याऐवजी पातळ मलमल, लिननचा सैल सदरा, सूत आणि पॉलिस्टर मिसळलेलं कापड किंवा खेळाडू घालतात तसले लवकर सुकणारे टी-शर्ट घ्या. नेहमी साडी नेसणाऱ्यांनी जॉर्जेटच्या दोन हलक्या साड्या न्याव्यात. त्या चुरगळत नाहीत, इस्त्री मागत नाहीत आणि पंख्याखाली सुकतात. जहाजाच्या पायऱ्या चढायला-उतरायला मात्र सलवार-कुडता बरा. हे बाईंना पटवायचं काम मुलीवर सोपवावं.

कपडे किती न्यायचे याचा हिशेब दिवसांवर करू नका, सुकण्यावर करा. पाच दिवसांच्या मुक्कामाला बाहेरचे तीन जोड पुरतात. आतले कपडे मात्र दिवसाला दोन या बेतानं घ्या, कारण घामानं ते दुपारीच बदलावे लागतात आणि तिथं धुतलेले वेळेवर वाळतील याचा भरवसा नसतो. टर्किश टॉवेल घरी ठेवा. तो वजनाला जड, पाणी प्यायला भारी आणि सुकायला आळशी. आपला पातळ पंचा किंवा गमजा त्याच्यापेक्षा दसपट शहाणा आहे. अंग पुसतो, डोक्यावर येतो, वाळूत अंथरता येतो आणि पिळून टांगला की लवकर कोरडा होतो. पंचे दोन घ्या. खिशातल्या दस्त्या चार घ्या.

आता डिसेंबरची खरी अडचण. बीडहून निघताना सकाळी स्वेटर लागतो, मुलाच्या गावी पाऊस नाहीतर बर्फ असतो आणि चार दिवसांनी मायामीच्या बंदरावर उतरलं की घाम फुटतो. तीन ऋतू एका सूटकेसमध्ये बसवू नका. जाड कोट, थर्मल, लोकरी टोपी हे सगळं मुलाच्या घरी ठेवायचं, किंबहुना कोट तिथलाच मागून वापरायचा. बेटांसाठी वेगळी लहान बॅग ठेवायची, विमानात वरच्या कप्प्यात मावेल एवढी. अमेरिकेतल्या आतल्या विमानांत मोठ्या बॅगेचे बहुतेक वेळा वेगळे पैसे पडतात. भारतातून जाताना मिळणारी २३-२३ किलोंची चैन तिथं नसते. एक पातळ स्वेटर किंवा शाल मात्र या लहान बॅगेत हवीच. बेटांवर थंडी नसते, पण जहाजाचं जेवणघर, विमान आणि हॉटेलचा दिवाणखाना यांच्या एसीला दयामाया नसते. बाहेर घाम गाळून ओल्या अंगानं आत शिरलं की वयस्कर माणसांचे सांधे धरतात.

टोपीबद्दल दोन शब्द. गांधी टोपी आपली शान आहे, पण ती फक्त टाळू झाकते. कान, मान आणि नाकाचा शेंडा उघडाच राहतो. बेटांवर सूर्य वरून तापतोच आणि समुद्रावरून, पांढऱ्या वाळूवरून त्याची तिरीप खालूनही लागते. वर पूर्वेकडून सतत वाहणारा व्यापारी वारा. त्या वाऱ्यानं चटका जाणवत नाही आणि संध्याकाळी आंघोळीला बसल्यावर खांदे भाजल्याचं कळतं. चौफेर कड असलेली आणि हनुवटीखाली बांधायची दोरी असलेली टोपी घ्या. दोरी नसेल तर पहिल्याच दिवशी टोपी समुद्रात जाईल. उन्हापासून वाचवणारं मलम, म्हणजे सनस्क्रीन, ३० किंवा त्याहून जास्त एसपीएफचं असावं आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावं. "आमची कातडी सावळी आहे, आम्हाला लागत नाही," असं म्हणणारे हमखास भाजतात. विकत घेताना डब्यावरचे घटक वाचा. ऑक्सिबेंझोन हे रसायन प्रवाळांना मारतं म्हणून अमेरिकन व्हर्जिन बेटं, अरूबा आणि बोनेर इथं त्यावर बंदी आहे. झिंक ऑक्साइडचं मलम सगळीकडं चालतं. चेहरा थोडा पांढरट दिसतो, तेवढं सोसावं.

बॅग भरण्याचा विषय निघाला की मला सूटकेसच्या जाहिराती आठवत नाहीत, आठवतात त्या आपल्याच जिल्ह्यातल्या बाया. दसरा झाला की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोचा एक कोयता. सहा महिन्यांचा संसार ट्रकच्या नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एका कोपऱ्यात बसवायचा असतो. ती बाई सामान कसं लावते ते एकदा जवळून बघा. मोठ्या पातेल्यात लहान पातेलं, त्यात तांब्या, तांब्यात मिठाची पुडी, पुडीभोवती पोराचं झबलं. म्हणजे भांडं वाजत नाही आणि रिकामी जागा राहत नाही. काळा झालेला तवा पोत्याच्या तुकड्यात, तोही भाकरीच्या परातीला पाठ लावून. कोयत्याच्या पात्याला चिंधी. वाटेत लागणारं, म्हणजे भाकरी, पाणी आणि लेकराचं औषध, सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात वर. तळाला ताडपत्री कधीच जात नाही, कारण मुक्कामाला उतरल्यावर पहिल्यांदा तीच लागते. हे कौशल्य हौसेतून आलेलं नाही, उचल घेतलेल्या मजुरीतून आलं आहे. त्याचं कौतुक करताना हे विसरू नये. पण बॅग भरण्याचं याहून पक्कं शास्त्र मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

योगायोग असा की ज्या बेटांवर आपण सहलीला निघालो, तिथला बराच इतिहासही उसाचाच आहे. गुलामगिरी बंद झाल्यावर मळ्यांवर माणसं हवी होती म्हणून इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. १८३८ साली ते गयानात उतरले, ३० मे १८४५ रोजी 'फत्तेल रझाक' हे जहाज त्रिनिदादला लागलं. बहुतेक लोक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशचे, कलकत्त्याहून चढलेले. तीन-साडेतीन महिन्यांचा समुद्रप्रवास त्यांनी एका गाठोड्यावर केला, आणि त्या गाठोड्याची आठवण तिकडचे त्यांचे वारस अजून काढतात. बारबाडोसमध्ये ऊस संपल्याचा 'क्रॉप ओव्हर' नावाचा उत्सव ऑगस्टच्या सुरुवातीला अजून होतो. आपल्याकडं पट्टा पडला म्हणतात, तोच तो क्षण, फक्त तिथं त्याची मिरवणूक निघते.

तर त्या बाईचे नियम सूटकेसला लावू. बुटात मोजे, मोज्यात चार्जर. जड वस्तू चाकांच्या बाजूला. एका दिवसाचा पूर्ण जोड एकत्र गुंडाळी करून ठेवायचा, म्हणजे एक बनियन शोधायला अख्खी बॅग उपसावी लागत नाही. प्रत्येक गुंडाळी चेन असलेल्या पारदर्शक पिशवीत घालायची, हा ओलीवरचा उपाय. नव्या बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फेकून देऊ नका. चष्म्याच्या डबीत, कॅमेऱ्याच्या पिशवीत एकेक टाका. श्रवणयंत्र वापरत असाल तर त्याला दमट हवेचा जास्तच त्रास होतो, म्हणून त्याची डबी, पुडी आणि जादा बॅटऱ्या हातातल्या पिशवीत हव्यात. बेटांसाठीच्या लहान बॅगेत पहिल्या तासात लागणारं सामान वरच ठेवायचं. क्रूझवर हे फार महत्त्वाचं आहे, कारण बंदरावर मोठ्या बॅगा घेतल्या जातात आणि तुमच्या खोलीच्या दाराशी पोचायला कधीकधी संध्याकाळ होते. तोवर तुमच्याजवळ औषधं, पासपोर्ट, चष्मा आणि बदलायचा एक जोड नसेल, तर सगळे पोहायला उतरलेले असताना तुम्ही बुटातच बसाल.

एक कपडा मात्र बॅगेतून आधी बाहेर काढा. लष्करी ठिपक्यांची पँट. आपल्याकडं भरतीची तयारी करणारी पोरं ती घालून पहाटे रस्त्यानं पळतात, आठवडी बाजारात तिचे ढीग असतात, लहान मुलांच्या चड्ड्याही त्याच कापडाच्या असतात. बारबाडोस, जमैका, त्रिनिदाद, सेंट लुसिया आणि आणखी काही बेटांवर या नक्षीचा कपडा सैन्याशिवाय कोणी घालणं कायद्यानं गुन्हा आहे. टोपी, पाठपिशवी, नातवाचा टी-शर्ट, सगळंच त्यात आलं. जहाजावरून उतरतानाच तो काढायला लावतात आणि जप्तही करतात. भारतातल्या प्रवास कंपन्या ही गोष्ट क्वचितच सांगतात, म्हणून इथं आवर्जून लिहिली.

पाण्याचं बघू. आपण विहिरीत पोहायला शिकलेली माणसं, पाठीला डबा बांधून. विहिरीचं पाणी उभं असतं, समुद्राचं ओढतं. किनाऱ्यापासून आत खेचणारा प्रवाह लागला तर सरळ किनाऱ्याकडं झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीतून बाहेर पडावं आणि मग वळावं. बॅगेत यासाठी लागतं ते असं : जहाजावरच्या आणि हॉटेलच्या तलावात साडी, सुती सलवार किंवा बनियनवर उतरू देत नाहीत, पोहण्याच्या कापडाचा पोशाख हवा. ज्यांना उघडं वाटतं त्यांच्यासाठी पूर्ण बाह्यांचा वरचा भाग आणि घोट्यापर्यंतची विजार असा नायलॉनचा जोड मिळतो. संभाजीनगर, पुण्यात खेळाच्या सामानाच्या दुकानात विचारा. उन्हापासूनही तो अंग झाकतो, म्हणजे मलम अर्धं वाचतं. पायात रबरी तळाचे पाण्यातले बूट घाला, कारण वाळूखाली प्रवाळाचे तुकडे आणि काटेरी समुद्रसाळी असतात. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी चालूच नये. पायाची जाणीव कमी झालेली असेल तर तापलेल्या वाळूनं तळवा भाजल्याचं कळतही नाही, आणि ती जखम घरी येईपर्यंत चिघळते. कोल्हापुरी चप्पल समुद्रावर नेऊ नका, खाऱ्या पाण्यात चामडं कडक होऊन तडकतं. किनाऱ्यावर हिरव्या सफरचंदासारखी लहान फळं लागलेलं मँचिनील नावाचं झाड असतं. बऱ्याच ठिकाणी त्याच्यावर लाल पट्टा किंवा पाटी लावलेली असते. ते फळ विषारी, चीकही विषारी, पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी अंगाला फोड येतात. नातवंडांना बोराच्या झाडाची सवय असते, म्हणून आधी सांगून ठेवा.

औषधांवर मी कपड्यांपेक्षा जास्त वेळ घालवीन. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या मुक्कामाच्या दिवसांपेक्षा निदान दहा दिवस जास्तीच्या घ्या. कारण ठोस आहे. २९ जून २०२४ रोजी बारबाडोसच्या केन्सिंग्टन ओव्हलवर भारतानं दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. आपण इथं फटाके वाजवले, आणि तिकडं 'बेरिल' चक्रीवादळ आल्यानं विमानतळ बंद होऊन जगज्जेता संघच ब्रिजटाउनच्या हॉटेलात अडकला. खास विमानानं ४ जुलैला तो दिल्लीत पोचला. आपल्यासाठी खास विमान येणार नाही. १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिकडं वादळांचा हंगाम धरतात. म्हणून जमलं तर डिसेंबर ते एप्रिल हाच काळ निवडा, आणि स्वस्त पडतं म्हणून सप्टेंबरात निघालाच तर सामानात पाच दिवसांची जादा शिधासामग्री आणि प्रवासविमा असू द्या. जन्मानं बीडचे असलेले संजय बांगर २०१६ साली भारतीय संघाचे फलंदाजी प्रशिक्षक म्हणून वेस्ट इंडीजला गेले होते. तो दौरा जुलै-ऑगस्टमधला, म्हणजे वादळाच्याच हंगामातला. खेळाडूंना तारीख निवडता येत नाही, आपल्याला येते.

गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, प्लॅस्टिकच्या डबीत सुट्या काढू नका. डॉक्टरांकडून एक चिठ्ठी इंग्रजीत लिहून घ्या, त्यात औषधाचं कंपनीचं नाव नको, मूळ नाव हवं. तिकडच्या औषधवाल्याला आपला ब्रँड कळत नाही. इन्सुलिन हातातल्या पिशवीत न्या, विमानाच्या पोटातल्या थंडीत ते गोठून बिघडू शकतं. बारबाडोस, त्रिनिदाद ही पूर्वेकडची बेटं आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं आहेत. म्हणजे सकाळच्या गोळीची आपली वेळ झाली तेव्हा तिथं आदली रात्र असते. वेळ कशी सरकवायची ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. बाकी ओआरएसच्या दहा पुड्या, जुलाबाची आणि उलटीची गोळी, जहाज लागतं त्यावरची गोळी, जखमेचं मलम. त्यात एक डबी बुरशीवरच्या पावडरीची टाका. दमट हवेत जांघेत आणि बोटांच्या बेचक्यांत गजकर्ण उठायला दोन दिवस पुरतात, आणि लाजेनं माणूस ते तिसऱ्या दिवसापर्यंत सांगत नाही. डासांवरचं मलमही हवं. डेंग्यू, चिकनगुनिया तिकडंही आहेत आणि तो डास दिवसा चावतो, म्हणून पूर्ण बाह्यांचा हलका सदरा संध्याकाळची वाट न बघता सकाळपासूनच घाला.

खाण्याचा विषय आला की सूटकेसचं झाकण बसत नाही. लेकीसाठी म्हणून आई पाच किलो नेते, त्यातलं बरंच विमानतळावर निघतं. धपाटे आणि दशम्या प्रवासापुरत्या न्याव्यात आणि विमानातच संपवाव्यात. आपल्या कोरड्या हवेत दोन-तीन दिवस टिकणारा धपाटा दमट हवेत दुसऱ्या दिवशी बुरसतो. येसर, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट हे चालतं, पण मोठ्या बॅगेत, बाजारातून पाकिटबंद घेतलेलं आणि वर नाव लिहिलेलं असावं. घरचं असेल तर निदान पाकीट चिकटवून त्यावर इंग्रजीत नाव लिहा. अमेरिकेकडं जाणाऱ्या विमानात हातातल्या पिशवीत ३५० मिलीपेक्षा जास्त भुकटी असली की ती वेगळी उघडून तपासतात. ताजी फळं, भाज्या, बियाणं, मांस अमेरिकेत नेता येत नाही. बालाघाटच्या डोंगरातल्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, तरी विमानतळावरच्या अधिकाऱ्याला त्याचं काही नाही. कढीपत्ता तर नकोच. त्यावर लिंबूवर्गीय झाडांची कीड येते म्हणून ताजा कढीपत्ता ते हमखास काढून घेतात. खव्याचे पेढेही टाळा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात नेऊ देत नाहीत, त्यातल्या तेलामुळं त्या पेट घेणाऱ्या वस्तूंत धरल्या जातात. आणि दुबई किंवा अबुधाबीत उतरणार असाल तर खसखस लावलेले अनारसे घरीच ठेवा, कारण तिकडं खसखस अमली पदार्थांच्या यादीत येते. उतरताना फॉर्मवर किंवा तोंडी विचारलं की खाण्याचं काय आहे ते सरळ सांगावं. सांगून काढून घेतलं तर फक्त लाडू जातात, लपवून सापडलं तर दंड बसतो.

जहाजावर तर घरचं शिजवलेलं काहीच चालत नाही, बंद पाकिटातला चिवडा चालतो. तरी शाकाहारी माणसानं घाबरून पोतंभर नेऊ नये. त्रिनिदादला पोचलात तर रस्त्यावर 'डबल्स' मिळतात, दोन मऊ पुऱ्यांत हरभऱ्याची उसळ. वाटलेल्या डाळीचं सारण भरलेली दालपुरीही मिळते, तिची चव घेतली की त्या १८४५ च्या गाठोड्यात काय बांधलेलं होतं ते थोडंफार कळतं.

विजेचं सामान कमीत कमी. मोबाईलच्या चार्जरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, तो कुठंही चालतो, फक्त पिन बदलणारा अडॅप्टर लागतो. जमैका, बहामा, बारबाडोसला अमेरिकेसारख्या दोन चपट्या पिना आणि ११० च्या आसपास व्होल्ट, तर ग्रेनेडा, सेंट लुसियाला इंग्लंडसारख्या तीन चौकोनी पिना आणि २३० च्या आसपास. आपली पाणी तापवायची किटली ११० व्होल्टवर फार हळू तापते. पाण्यात सोडायचा हीटरचा रॉड आणि इस्त्री जहाजावर आगीच्या भीतीनं जप्त होते, आपला लांब एक्स्टेंशन बोर्डही बहुतेक तसाच जातो. पॉवर बँक फक्त हातातल्या पिशवीत, आणि १०० वॉट-अवरच्या आतली.

सोनं घरी. गार पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी नकळत निसटते. काळ्या मण्यांची छोटी पोत पुरे. पैशांसाठी एक-एक आणि पाच-पाच डॉलरच्या नोटा न्या. बहामाचा डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबरीचा, बारबाडोसचे दोन म्हणजे एक अमेरिकन, आणि ग्रेनेडा, सेंट लुसियासारख्या बेटांवरचा पूर्व कॅरिबियन डॉलर १९७६ पासून एकाला २.७० या दरानं बांधलेला. मोठी नोट दिली की सुटे तिथल्या चलनात हातात येतात आणि ते बीडला आणून देव्हाऱ्यात ठेवण्यापलीकडं उपयोग नाही.

कागदांचं शेवटी लिहिलं, पण ते बॅगेत सगळ्यात वर हवेत. पासपोर्टची मुदत परतीनंतर सहा महिने तरी उरलेली असावी. मायामीहून निघून मायामीलाच परतणाऱ्या जहाजासाठी अमेरिकेचा व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा लागतो, एकदाच प्रवेशाचा असला तर जहाज सुटेल आणि तुम्ही बाहेर अडकाल. बेटागणिक नियम वेगळे असतात, तेव्हा तिकीट काढताना मुलाकडून प्रत्येक बेटाचा नियम लिहूनच घ्या. त्रिनिदाद, गयाना, सुरीनाम या ठिकाणांहून सहा दिवसांच्या आत भारतात परतणाऱ्याला पीतज्वराच्या लशीचा पिवळा दाखला दाखवावा लागतो. तो नसेल तर विलगीकरणात ठेवतात. ही लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते, प्रवासाच्या दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि एकदा घेतली की जन्मभर चालते. साठीच्या पुढच्यांनी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. बेटांवरून परतून मुलाकडं पंधरा दिवस राहणार असाल तर हा प्रश्न येत नाही.

परतीच्या वेळी बॅगेत एक रिकामी नायलॉनची पिशवी घडी करून ठेवलेली असावी. ओले कपडे तिच्यात, कोरडे सूटकेसमध्ये. वाळूतल्या चपला वेगळ्या पिशवीत धुऊन. किनाऱ्यावरचे मोठे गुलाबी शंख आणि प्रवाळाचे तुकडे उचलू नका. राणी शंख आणि प्रवाळ आंतरराष्ट्रीय करारानं संरक्षित आहेत, परवान्याशिवाय सापडले तर विमानतळावर अडवू शकतात. नातवंडांना खाऊ म्हणून तिथल्या उसाच्या काकवीच्या गोळ्या आणा.